मदत हवी आहे: खांद्याचं दुखणं अंगभर का पसरलं?

आईचं (वय 58) दुखणं दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्यापासून सुरू झालं. फ्रोझन शोल्डर (खांदा आखडणं) होता. तो सुटला, हात वर जातो, पण दुखणं मानेत, पाठीत आणि दिवाळीपासून दोन्ही पायांत उतरलंय. ब्लाउजची शिवणसुद्धा टोचते. लोकलमध्ये नुसता धक्का लागला तरी डोळ्यांत पाणी येतं.

सांध्यांना सूज नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही, मधुमेह नाही. आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी), थायरॉइड, बी१२, मानेचा एमआरआय, सगळं ठीक. सहा महिने फिजिओथेरपी झाली. रात्री प्रीगाबालिन 75 (नसांच्या दुखण्यावरची गोळी) चालू आहे. झोप लागते, पण सकाळी गुंगी असते.

डॉक्टर म्हणाले, 'सेंट्रल सेन्सिटायझेशन': मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, म्हणून इजा नसलेली जागाही दुखते. हे पटतं. पण नातेवाईक "मनाचं आहे" म्हणाले की आई गप्प होते, ते बघवत नाही.

औषधं सुचवू नका, ती डॉक्टर बघतील. आम्ही मुलुंडला राहतो, आईला रेल्वेचा पूल चढवत नाही. हे दुखणं खरं आहे, हे तुम्ही घरच्यांना कसं समजावलंत? आणि चालणं रोज किती मिनिटांपासून सुरू केलंत, की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागलं नाही?