बाबांच्या जाफन्याच्या निगेटिव्ह सापडल्यात, प्रदर्शनात लावू का?

भगूरवाला:
नमस्कार मंडळी. माझे बाबा फौजेत ड्रायव्हर होते, 1988 ला शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेले, वर्षभर जाफन्यात. परवा माळा आवरताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा मिळाला, त्यात सात-आठ रोलच्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह, पेपरात गुंडाळलेल्या. म्हटलं रणगाडे-बिणगाडे असतील, तर एक नाही! विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायका, सायकलला नारळाची पोती बांधून ढकलत नेणारा म्हातारा, आणि एक न्हाव्याचं दुकान, अर्धं छप्पर उडालेलं पण आत गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून निवांत बसलंय. बाबा म्हणतात "टाकून दे, काय बघायचंय त्यात". आमच्या ग्रुपचं दिवाळीनंतर कुसुमाग्रज स्मारकात प्रदर्शन आहे, तिथे लावायचा विचार आहे पण लोक म्हणतील युद्धाचे फोटो म्हणता आणि युद्ध कुठाय? आणि स्कॅन कसं करू तेही सांगा.

रोलवाला_काका:
आधी तो पेपर काढ, त्यात अ‍ॅसिड असतं, निगेटिव्ह खराब होतात. मग वास घेऊन बघ, व्हिनेगरसारखा आंबूस येत असेल तर फिल्म सडायला लागलीय, त्या पट्ट्या वेगळ्या ठेव आणि पहिल्या त्याच स्कॅन कर. फडक्याने पुसू नकोस बाबा, नुसता ब्लोअर मार, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरली असेल तर घरी उद्योग न करता लॅबवाल्याला दाखव. मॅक्रो लेन्स असेल तर लाइट पॅनेलवर ठेवून कॅमेऱ्याने काढ, झकास येतं. पण सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी कापू नकोस. आधी अख्ख्या पट्टीचा एक फोटो काढून ठेव म्हणजे फ्रेम नंबर कळतात, कशाच्या आधी काय काढलंय ते नंतर बाबांना विचारता येतं.

सिडको_मनीषा:
मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. रोजचं जगणं वगैरे ठीक, पण फोटो काढणारा वर्दीत होता ना? जुलै 1987 ला भारत-श्रीलंका करार झाला, ऑक्टोबरात आपलं सैन्य आणि एलटीटीई (वेगळं तमिळ राष्ट्र मागणारी सशस्त्र संघटना) यांच्यातच जुंपली, मार्च 1990 ला परत येईपर्यंत आपले 1,200 च्या आसपास जवान गेले. पण तिथल्या लोकांच्या डोक्यात जाफना हॉस्पिटल पण आहे, ऑक्टोबर 1987 मध्ये तिथे डॉक्टर, नर्स, पेशंट धरून 60-70 माणसं मेली. त्या विहिरीवरच्या बाईला "नको काढू" म्हणायची सोय होती का? तिचे डोळे नीट बघा एकदा. लावू नका असं नाही म्हणत, पण खाली फोटो कोणी काढला ते स्पष्ट लिहा, आणि चेहरे ओळखू येणारे फोटो नेटवर टाकू नका, त्यातली पोरं आज चाळिशीत असतील.

(रोलमध्ये कुठे घुमटाची मोठी पडकी इमारत दिसली तर सांगा हां, जाफना लायब्ररी असू शकते. 1981 ला जाळली, 97,000 च्या आसपास पुस्तकं गेली.)

पंचवटी_एक्सप्रेस:
मनीषाताईंना अनुमोदन, पण "युद्ध कुठाय" हे काही पटलं नाही. बोस्नियातल्या साराजेव्होला 1992 ते 1996 वेढा होता, तिथले लक्षात राहिलेले कितीतरी फोटो पाण्याचे कॅन घेऊन पळणाऱ्या लोकांचेच आहेत. तोफा सगळ्या सारख्याच दिसतात हो. न्हावी आधी लाव.

भगूरवाला:
सगळ्यांचे आभार. काल तोच फोटो स्कॅन करून बाबांना मोबाइलवर दाखवला. आधी काही बोलेनात, मग म्हणाले ते गिऱ्हाईक तिथलं नाहीये, आमच्याच युनिटचा पोरगा आहे, साताऱ्याकडचा. दाढी झाल्यावर न्हाव्याने पैसेच घेतले नाहीत, कितीही दिले तरी हात मागे. "आम्हाला वाटलं प्रेमाने नको म्हणतोय," म्हणाले, आणि टीव्ही लावला.

रात्री परत झूम करून बघितलं. गळ्याभोवती जे कापड बांधलंय ना त्याच्या खालून, गुडघ्यापाशी, रायफलची नळी बाहेर आलीय. मी आठ दिवस तो फोटो बघत होतो, दिसलीच नव्हती.

बाकी वास चार नंबरच्या रोलला येतोय, लॅबवाल्याकडे शनिवारी जातो.