मदत हवी आहे: मेंदूत कीमोच्या चकत्या, टाक्यांतून पाणी येतंय

मोठ्या बाबांची ग्लायोब्लास्टोमाची (मेंदूच्या कॅन्सरची) गाठ नागपूरला काढली, त्याच पोकळीत कारमुस्टीन या कीमोच्या औषधाच्या ८ चकत्या ठेवल्या. आता आम्ही घाटंजीजवळ गावी. टाके कोरडे होते. कालपासून उशीच्या खोळीवर पाण्यासारखा डाग पडतो. रक्त नाही, पू नाही, ताप नाही. शुगर आहे. फिटची गोळी अन् सूज कमी करायची डेक्सा चालू, रेडिएशन सुरू व्हायचंय.

या चकत्यांनी जखम उशिरा भरते, मेंदूतलं पाणी झिरपू शकते, मग इन्फेक्शनची भीती, हे आधीच सांगितलं होतं. पीएचसीत ड्रेसिंग बदललं, पुढं म्हणे मोठ्या दवाखान्यात न्या. सर्जनचा फोन लागत नाही. गाडी सांगितली आहे, रात्रीच निघतो.

ज्यांच्या घरी असं झालं त्यांनी सांगा: आधी यवतमाळला दाखवावं की थेट नागपूर? गाडीत डोकं उंच ठेवायचं की सपाट?