तुमचं भरतकामातलं पहिलं फूल आता कुठे आहे?

सोनटक्का:
परवा गणपतीची आवराआवर करताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला उशीचा अभ्रा निघाला. फिकट पिवळं पॉपलिन आणि त्यावर माझी बाग. खाली कुंपण, कुंपणापाशी गवत, पाच लेझी डेझीची (फाशाच्या टाक्याची) फुलं, एक गुलाब आणि कोपऱ्यात अर्धवट सूर्यफूल. सुई तिथेच टोचून ठेवलेली, गंजून कापडाला चिकटलेली.

सातवीची मे महिन्याची सुट्टी होती. आई दुपारची झोप सोडून मला घेऊन बसायची. पहिले दोन दिवस फक्त दोरा. लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्यायचे, तेही एकदम ओढायचे नाहीत. एकेक सुटा काढायचा नि मग जुळवायचा, तर गुंता होत नाही. लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. मला सारखी सुई ओवायचा कंटाळा, म्हणून मी त्याहून बराच लांब घ्यायचे. आई काही बोलायची नाही, गुंता मात्र माझ्याकडूनच सोडवून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी लेझी डेझी जमली. सुई जिथून वर आली तिथेच परत खाली, फासा थोडा सैल, आणि टोकाला बारीक टाका घालून तो धरून ठेवायचा. पाच पाकळ्या झाल्या आणि मी कापड ताणून धरायची रिंग तशीच घेऊन वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात दाखवून आले. जूनमध्ये शाळा सुरू झाली, सूर्यफूल राहिलं ते राहिलंच.

काल अभ्रा आईला दाखवला. तिला आता बारीक दिसत नाही. गुलाबावरून बोट फिरवत म्हणाली, "हा मी भरला होता, तू झोपल्यावर." तीस वर्षं मी तो गुलाब माझा समजत होते!

तुमचं पहिलं फूल कोणतं, कुणी शिकवलं, आणि ते आता कुठे आहे? लिहा ना.

मोरपीस:
हार्मोनियमच्या खोळीवर. अजून आहे. बाबा रियाजाला बसले की आधी खोळ नीट घडी घालून बाजूला ठेवतात, फूल वरच्या बाजूला येईल अशी. मी कधी सांगितलं नाही त्यांना तसं करायला.

चिंचोका:
आई गं, तो गुलाब! वाचून डोळ्यांत पाणी आलं. कुकर लावून येते, मग लिहिते.

कडीपत्ता:
मी मुलगा आहे, चालेल ना धाग्यावर? चौथीत कांजिण्या आल्या, खेळायला बाहेर जायचं नाही. आजीने हातात सुई दिली. फूल मागितलं तर म्हणाली, आधी देठ. तीन दिवस नुसता दांडीचा टाका. दोरा कायम एकाच बाजूला ठेवायचा, कधी वर कधी खाली झाला की दोरीसारखा पीळ मोडतो आणि ते लगेच दिसतं. फडक्यावर एकाखाली एक अशा बावीस ओळी झाल्या. चौथ्या दिवशी तिने प्रत्येक ओळीच्या टोकाला गाठीचा टाका घालायला लावला आणि फडक्याचं गवतफुलांचं रान झालं. ते फडकं तिच्या देवघरात समईखाली असायचं. तेलाने काळं झालं, मग गेलं.

तांबडफुटी:
@कडीपत्ता चालेल काय, धावेल! माझ्या सासऱ्यांचा काजटाका आमच्या घरात सगळ्यात सुबक आहे.

रानजाई:
छापायची आठवण कुणाला आहे का? आमच्याकडे बटर पेपरवर चित्र काढून सुईने भोकं पाडायची, त्याला खाका म्हणायचे. रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने वरून पुसलं की कापडावर ठिपके उमटायचे. शेजारच्या काकू छापून द्यायच्या, पैसे घ्यायच्या नाहीत, पण रॉकेल आपलं आपण न्यायचं. रॉकेल रेशनचं, त्यामुळे आई वाटीभरच द्यायची. तो वास आला की मला अजून टेबलक्लॉथ आठवतो.

भातुकली:
+१ रॉकेलचा वास!! आमच्याकडे निळा कार्बन होता. हाताचा दाब पडला की सगळीकडे निळं.

सोनटक्का:
@कडीपत्ता, बावीस ओळी! आजींना नमस्कार.

हिमगौरी:
न्यू जर्सीहून लिहितेय. पहिलं फूल इथेच भरलं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. इस्त्री फिरवली की पुसला जातो अशा पेनाने लेकीच्या जॅकेटवर मोगऱ्याची वेल काढली, भरली, इस्त्री केली, रेघा गायब. जानेवारीत जॅकेट रात्रभर गाडीत राहिलं आणि सकाळी सगळ्या रेघा परत हजर. ती शाई उष्णतेने दिसेनाशी होते आणि कडक थंडीत पुन्हा उमटते. लेकीला उलट ते फार आवडलं, म्हणाली वेलीला हिवाळ्यात पानं आली.
नवीन शिकणाऱ्यांना एक सांगते. पाण्याने जाणारा निळा पेन वापरत असाल तर आधी धुवा, मग इस्त्री. उलटं केलं तर निळी रेघ पक्की बसते.

बोरन्हाण:
मस्त धागा. वाचतेय.

पाणपोई:
इथे कुणीतरी सांगा, कोळ्याच्या जाळ्याचा गुलाब माझा का बिघडतो? सहा पाय, म्हणजे मधून बाहेर जाणारे लांब टाके, काढते, एकसारखे, आणि विणायला लागलं की दुसऱ्या फेरीत दोरा पहिल्या फेरीवरूनच जातो.

तांबडफुटी:
@पाणपोई पाय विषम हवेत गं. पाच किंवा सात. एक वर एक खाली करत फिरायचं असतं, सम पाय असले की दुसऱ्या फेरीत वरचा वरच राहतो. पाच पाय घे, सहा पदरी दोरा घे, आणि फार ओढू नको.

पाणपोई:
अरे देवा, एवढंच होतं? दोन आठवडे उसवतेय! आत्ता बसते.

चिंचोका:
आले. माझं पहिलं फूल प्राजक्त, म्हणजे प्राजक्त करायचा हट्ट. छापाच्या पुस्तकात सगळी ट्युलिप नाहीतर डेझी. आमच्या सातारच्या अंगणात ट्युलिप कुठली? जास्वंद, तगर, शेवंती, कोपऱ्यात गोकर्ण, आणि सकाळी प्राजक्ताचा सडा. मी आत्याला म्हटलं, मला हेच हवं.
आत्याने खरी फुलं ताटलीत आणून समोर ठेवली आणि म्हणाली, आधी बघ. पाकळ्या सरळ नसतात, भिंगरीसारख्या एका अंगाला वळलेल्या असतात. म्हणून लेझी डेझी इथे चालत नाही, तिची पाकळी दोन्हीकडून सारखी. आम्ही लहान लहान सॅटिन टाके, म्हणजे एकाला एक चिकटून भरलेले, तिरके घातले, आधी कडेने उलटी टीप मारून, म्हणजे कड दातेरी होत नाही. मध्ये केशरी गाठ, सुईला दोन वेढे. आणि गळून पालथी पडलेली दोन फुलं केली, केशरी देठ वर आलेली. तीच सगळ्यांना आवडली.
अडचण एकच, पांढरी फुलं पांढऱ्या कापडावर दिसेनात. आत्याने स्वतःच्या जुन्या मोरपिशी साडीचा तुकडा कापून दिला. तो रुमाल मी लग्नात हातात धरला होता. आत्या तेव्हा नव्हती.

मोरपीस:
@चिंचोका ❤

काजूगर:
पालथी फुलं! क्या बात. आमच्या पेडण्याला अबोली. केशरी सॅटिन टाक्याने भरली की हुबेहूब दिसते, पण टाका लांब झाला की बांगडीत अडकतो, बोटाच्या पेरापेक्षा लांब नकोच. बाकी अबोलीचा गजरा सुईने ओवतच नाहीत आमच्याकडे, दोऱ्याने गुंफतात. ते मला भरतकामापेक्षा कठीण वाटतं. कुणाला येतं?

भातुकली:
आईला येतं. केळीच्या सोपट्याचा दोरा. वेगळा धागा काढा त्यावर!

गव्हांकुर:
सोलापूरहून. आमच्या आज्जीला फूल दाखवलं की ती पहिल्यांदा कापड उलटं करायची. तिची स्वतःची इरकल साडी होती, पदरावर कशिदा. त्यात गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, आणि गाठ मारायचीच नाही. चित्र छापायचं नाही, कापडाचे धागे मोजत जायचं. तुळशीवृंदावन, पालखी, कमळ, सगळं मोजून. माझ्या पहिल्या गुलाबाची उलटी बाजू म्हणजे नुसत्या गाठी आणि इकडून तिकडे मारलेल्या उड्या. आज्जीने काही नावं ठेवली नाहीत. दोऱ्याचं शेवटचं टोक मागच्या टाक्यांखालून तीनचारदा ओवून कसं लपवायचं ते दाखवलं आणि म्हणाली, पुढच्या फुलाला असं कर. ती जुनी गुलाबाची पिशवी मी अजून भाजीला नेते, मुद्दाम.

कडीपत्ता:
धागे मोजून कमळ म्हणजे डोळ्यांची कमाल. दिवसाउजेडीच करत असतील ना?

गव्हांकुर:
हो, सोप्यात बसून, ऊन उतरेपर्यंत. दिवा लावला की काम गुंडाळायची.

बोरन्हाण:
मॅटीचं कापड, म्हणजे चौकटी मोजता येतात ते, पुण्यात कुठे मिळेल? लेकीला शाळेत फुली टाका आहे, सोमवारी हवंय.

रानजाई:
तुळशीबागेत बघ, नाहीतर रविवार पेठेत. रिंग लाकडी घे आणि आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळ, कापड सरकत नाही. काम झालं की रिंग काढून ठेवायला सांग तिला, नाहीतर गोल वळ पडतो तो निघत नाही. गणपतीच्या गर्दीत सकाळीच जा.

बोरन्हाण:
धन्यवाद गं. उकडीचं पीठ पण तिकडूनच आणते मग.

तांबडफुटी:
उकडीला आंबेमोहोर घे, वासाला दुसरं काही नाही.

पाणपोई:
जमला!!! पाच पायांचा गुलाब जमला. पोळ्या राहिल्यात पण जमला.

रानजाई:
टाळ्या! दुसरा गडद रंगात सुरू कर आणि बाहेरच्या फेऱ्यांना फिका दोरा घे, खोली येते.

चिंचोका:
@सोनटक्का, सुई काढलीस का? गंज कापड खातो, तशीच ठेवू नको.

सोनटक्का:
काढली. सुटत नव्हती, आईने तेलाचा थेंब लावला. डाग राहिलाय, तपकिरी, हरभऱ्याएवढा.

गव्हांकुर:
लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेव, गंजाचा डाग फिका होतो. पण आधी मागच्या बाजूला लाल दोऱ्याचा रंग जातोय का बघ, ओल्या पांढऱ्या कापडाने दाबून.

सोनटक्का:
बघितलं, गुलाबाचा लाल थोडा उतरतोय. आईचा गुलाब धोक्यात नाही घालणार, डाग राहू दे. सूर्यफूल पुरं करायला घेतलंय. आई शेजारी बसून पाकळ्या बोटाने मोजतेय. ती म्हणते, डागावर मधमाशी भर. अंग बुलियनचं, म्हणजे सुईला बरेच वेढे देऊन घालतात त्या टाक्याचं, पिवळं नि काळं. पंख कशाने करू?

चिंचोका:
लेझी डेझी, एकाच पदराची. पिवळ्यावर पांढरा दिसणार नाही, राखाडी घे.