पेशी शांत असते, पण दारं पूर्ण बंद नसतात

एकांनी लिहिलंय की चेतापेशी शांत असताना तिच्या पटलात (बाहेरच्या आवरणात) आयनांसाठी फक्त गळतीच्या, म्हणजे कायमच्या वाटा उघड्या असतात, व्होल्टेजवर चालणारी दारं कुलूपबंद; दारांना त्यांनी कुकरच्या शिट्टीची उपमा दिलीय. चित्र काढायला ठीक आहे, पण चेतापेशीतल्या विद्युत संदेशाचं गणित मांडणाऱ्या हॉजकिन-हक्सली या शास्त्रज्ञांचे १९५२चे आकडे मांडून बघा.

स्क्विडच्या जाड अक्षतंतूसाठी (चेतापेशीचा लांब धागा) त्यांनी कमाल वाहकता, म्हणजे सगळी दारं उघडी असताना आयन किती सहज जातात ते माप, धरली ती अशी: सोडियम १२०, पोटॅशियम ३६, गळती ०.३ मिलिसीमेन्स दर चौ. सेंमी.ला. त्यांच्या गणितात पोटॅशियमचं दार उघडायला चार फाटकं एकदम उघडी लागतात. विश्रांतीत एकेक फाटक उघडं असण्याची शक्यता साधारण ०.३२. चौथा घात केला की ०.०१, गुणिले ३६, म्हणजे ०.३७ च्या आसपास. गळतीपेक्षा जास्तच की! सोडियमचं मात्र जेमतेम ०.०१.

याचा परिणामही दिसतो. पटलाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर चौ. सेंमी.ला १ मायक्रोफॅरड धरली तर नुसत्या गळतीवर कालांक, म्हणजे व्होल्टेज बदलायला लागणाऱ्या वेळाचं माप, ३.३ मिलिसेकंद येतो, प्रत्यक्षात निम्म्याहून कमी, १.५.

आणि ती कुकरच्या शिट्टीची उपमा पोटॅशियमला चपखल बसते: दाब (इथे व्होल्टेज) वाढला की उघडते, दाब उतरवते. सोडियमला नाही. तिथे शिट्टी उघडली की दाब आणखी चढतो, मग आणखी शिट्ट्या उघडतात. असा कुकर कुणी घरात ठेवणार नाही! तो आवरतो, कारण सोडियमची दारं थोड्याच वेळात आपोआप निष्क्रिय होतात.

बाय द वे, केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलींनी ही समीकरणं हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली. तुम्ही एक्सेलमध्ये करून बघा.