बिझनेस सॉफ्टवेअरमधलं सोशल मीडिया पोरांना कसं शिकवायचं?

प्रश्न:
मी कॉलेजात ईआरपी (कंपनीची विक्री, गोदाम, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) शिकवते. पोरं दिवसभर इन्स्टावर, पण सेल्स ऑर्डरखाली कमेंट टाका म्हटलं की हात आखडतात, सगळी चर्चा व्हॉट्सॲपवर होते आणि मग ऑर्डर का बदलली ते सिस्टिममध्ये सापडतच नाही. काय करावं?

उत्तर १:
मॅडम, आधी फॉलो करणं दाखवा. सेल्सफोर्स या बिझनेस सॉफ्टवेअर कंपनीने २०१० मध्ये चॅटर नावाचं फेसबुकसारखं फीड आणलं, त्यात माणसासारखं ग्राहकाच्या रेकॉर्डलाही (सिस्टिममधल्या नोंदीलाही) फॉलो करता येतं. हे कळलं की पोरं खुलतात.

उत्तर २:
ओडू नावाच्या ईआरपीचं कम्युनिटी व्हर्जन फुकट आहे, ते घ्या. त्यात ऑर्डरवर 'सेंड मेसेज' आणि 'लॉग नोट' अशी दोन बटणं असतात, पहिलं फॉलोअर असलेल्या ग्राहकालाही मेल पाठवतं, दुसरं आतल्या आत राहतं. माझ्या एका विद्यार्थ्याने "हा पैसे उशिरा देतो" असं पहिल्यातच लिहिलं, डमी ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये ते मी स्क्रीनवर उघडून दाखवलं तर अख्खा वर्ग चिडीचूप!

उत्तर ३:
गट पाडा, कोणी सेल्स, कोणी गोदाम, कोणी हिशेब, आणि बोलायचं फक्त सिस्टिममध्येच. पण मार्क कमेंट मोजून देऊ नका हां, नुसतं "ओके", "थँक्यू"ने फीड भरतं.

प्रश्नकर्ती:
दोन बटणांचा प्रयोग सोमवारीच करते, मनापासून आभार!