अभ्यासिकेच्या दारात मोबाईल जमा करून घ्यावेत का?

प्रश्न : पेठेतला कार्यवाह

सर्व सदस्यांना नमस्कार. कोल्हापुरातील शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या वरच्या मजल्यावर मंडळातर्फे एक अभ्यासिका चालते. चाळीस जणांची बैठकव्यवस्था आहे, पहाटे पाचपासून रात्री साडेदहापर्यंत ती उघडी असते आणि तेथे येणारी मुले-मुली साधारण सोळा ते सव्वीस वयाची आहेत. कुणी बारावीचे, कुणी पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करणारे, तर कुणी राज्यसेवेच्या आशेवर तिसरे वर्ष काढणारे. गेल्या महिन्यात हिशेबाच्या वह्या पूर्ण करण्यासाठी मी सलग चार दिवस मागच्या बाकावर बसलो होतो आणि तेव्हा जे पाहिले त्यावरून हा प्रश्न विचारत आहे. माझ्यासमोरच्या एका मुलाचे राज्यव्यवस्थेचे पुस्तक पाऊण तास एकाच पानावर उघडे होते. तेवढ्या वेळात त्याने मोबाईल किती वेळा उचलला हे मी मोजू लागलो आणि सतराव्या वेळेनंतर मोजणे सोडून दिले. बहुतेक वेळा त्याला कुणाचा निरोप आलेला नव्हता. निरोप आला आहे की नाही, एवढेच तो पाहत होता.

कार्यकारिणीतील ज्येष्ठांचे म्हणणे असे आहे की, दारात खणांची लाकडी पेटी ठेवावी, तिला कुलूप असावे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाने मोबाईल त्यात जमा करावा. त्यांचा दाखला ठरलेला आहे : खाली आखाड्यात उतरताना वस्ताद अंगठी, साखळी, घड्याळ सगळे काढून ठेवायला लावतात, मग वरच्या मजल्यावर निराळा नियम कशासाठी? मुलांचे म्हणणे असे की, सराव चाचण्या, जुन्या प्रश्नपत्रिका आणि शिकवणीची व्याख्याने हे सारे मोबाईलवरच असल्यामुळे तो काढून घेणे म्हणजे पुस्तकच काढून घेणे होय.

माझे मन दोन्हीकडे ओढ घेते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले, तेव्हा पातळीचा ताजा आकडा, कोणत्या गल्लीत पाणी शिरले, होडी कुठे पोहोचली आणि कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, ही सगळी माहिती अशाच मुलांनी मोबाईलवरील गटांतून फिरवली. आम्हा जुन्या कार्यकर्त्यांना ते जमले नसते. आणि याच शहरात जून २०२३ मध्ये काही तरुणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून तणाव वाढला, ७ जूनच्या बंदमध्ये दगडफेक झाली आणि प्रशासनाला इंटरनेट बंद ठेवावे लागले. पुढच्या रविवारी बैठक आहे. पेटी करावी की करू नये, यावर आपले अनुभवसिद्ध मत हवे आहे.

उत्तर १ : खडू आणि फळा

कार्यवाह महोदय, मी करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत अठरा वर्षे शिकवते आहे. आपण मोजलेल्या त्या सतरा वेळांपासूनच सुरुवात करते, कारण त्यात त्या मुलाच्या स्वभावाचा दोष जितका आहे त्याहून अधिक त्या यंत्राच्या रचनेचा वाटा आहे. पूर्वी संकेतस्थळावरचे पान संपत असे आणि पुढचे उघडायचे की नाही, हे वाचणारा ठरवत असे. २००६ च्या सुमारास आझा रस्किन या रचनाकाराने पान कधीच न संपण्याची, बोट सरकवत राहिले की नवा मजकूर येतच राहण्याची युक्ती शोधली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. थांबण्याची जागाच काढून टाकलेल्या वस्तूसमोर आपण सतरा वर्षांच्या मुलाला बसवतो आणि त्याने मनोनिग्रह दाखवावा अशी अपेक्षा करतो.

त्याचबरोबर मुलांचे म्हणणेही खोटे नाही. ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो; त्यांपैकी ५७ टक्क्यांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो काही ना काही अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. त्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाते, म्हणजेच अभ्यास करणारा आणि रील पाहणारा ही दोन निराळी मुले नाहीत. बऱ्याचदा तो एकच मुलगा असतो, एकाच बाकावर, एकाच तासात. त्यामुळे ‘चांगली मुले’ आणि ‘वाया गेलेली मुले’ अशी विभागणी करून केलेला कोणताही नियम फसेल.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचा प्रयोग कार्यकारिणीपुढे जरूर ठेवावा. कडेगाव तालुक्यातील या गावात ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही दोन्ही बंद, असा नियम करण्यात आला. माझ्या मते त्यातील कळीची गोष्ट भोंगा नव्हे. मुलाचा मोबाईल बंद असताना आईची मालिका आणि वडिलांचा व्हॉट्सअ‍ॅप हेही बंद होते, म्हणून मुलांनी ते ऐकले. तेव्हा एक प्रश्न आपल्यालाच विचारते : रविवारच्या बैठकीला येताना कार्यकारिणीचे सदस्य आपापले मोबाईल त्या पेटीत ठेवणार आहेत का? वस्तादांचा दाखला द्यायचा असेल तर तो पुरा द्यावा. वस्ताद अंगठी काढायला लावतात, पण स्वतःही लंगोट कसून आखाड्याच्या काठावर उभे राहतात.

उत्तर २ : दुपारपाळी

कार्यवाह काका, नमस्कार. अशाच एका अभ्यासिकेत सकाळी बसून दुपारी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा मी एक आहे. आयटीआय झाल्यावर मला व्हीएमसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनुसार धातू कापणाऱ्या यंत्रावर, हेल्पर म्हणून घेतले. मशीनचे पुस्तक इंग्रजीत होते आणि मशीन कामासाठी लावून देणाऱ्या सेटरला शिकवायला वेळ नव्हता. शिवाय त्याने मला शिकवले असते तर त्याचेच महत्त्व कमी झाले असते, हेही खरे आहे. जी-कोड म्हणजे मशीनच्या आज्ञा कशा वाचायच्या, टूलची लांबी मशीनला कशी सांगायची, जॉबचा म्हणजे कापायच्या तुकड्याचा शून्यबिंदू कसा धरायचा, हे सारे मी घरी रात्री मोबाईलवर हिंदी आणि मराठी व्हिडिओ पाहून वहीत उतरवले. या कामात एक आकडा चुकला तर टूल थेट जॉबमध्ये घुसते आणि महिन्याच्या पगाराएवढे नुकसान क्षणात होते, त्यामुळे व्हिडिओ पाहून लगेच हात चालवता येत नाही. पाहायचे, लिहायचे, सेटरच्या मागे उभे राहून ताडून पाहायचे, असे दीड वर्ष केले. आज मी स्वतः सेटिंग करतो. मोबाईल नसता तर मी अजूनही जॉब पुसत बसलो असतो, हे मी कुणासमोरही सांगेन.

आता दुसरी बाजू. त्याच शॉपमधील माझा एक सोबती त्याच मोबाईलवर पैसे लावून पत्त्यांचे खेळ खेळू लागला. सुरुवातीला दोन-तीनशे रुपये जिंकला, मग हरला, मग हरलेले भरून काढण्यासाठी झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवरून पैसे उचलले. त्या ॲपने त्याच्या फोनमधील सगळे नंबर आधीच घेतले होते. हप्ता चुकल्यावर त्याच्या बहिणीच्या सासरी फोन गेले. शेवटी कुणीतरी त्याला सुचवले की तुझे बँक खाते आम्हाला वापरायला दे, महिन्याला काही हजार मिळतील. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरत होते. पोलीस आले ते खातेदाराकडे. खाते वापरणारा कोण होता, हे त्याला आजही माहीत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना. खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेले नाही. ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण माझा सोबती आठ महिने गप्प राहिला तो ‘आपणच आत जाऊ’ या भीतीने. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे असते. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधल्यामध्ये अडवले जाण्याची शक्यता अधिक. अभ्यासिकेच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी आहेतच, त्यांच्या खाली हा क्रमांकही मोठ्या अक्षरांत लावावा, अशी विनंती आहे.

पेटीबद्दल विचाराल तर माझा विरोध नाही. मात्र पेटीने वाचन वाढेल. माझ्या सोबत्याचे जे झाले ते टळणार नाही, कारण ते रात्री एकनंतर पांघरुणात झाले.

उत्तर ३ : रंकाळ्यावरचा रिकामटेकडा

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा मोबाईल नव्हते, तरी आमची पुस्तके आठवडाभर एकाच पानावर असत. तेव्हा कट्टा होता, फुटबॉलचे सामने होते आणि दोन तालमींच्या समर्थकांची भांडणे होती. तरुणांचा वेळ वाया जाण्याला यंत्र लागत नाही, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

उत्तर ४ : पन्हाळा रोडची

कार्यवाह सर, आधीच्या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट राहिली आहे असे मला वाटते, म्हणून प्रथमच येथे लिहीत आहे. मी गावाहून रोज एसटीने येऊन एका अभ्यासिकेत बसते. आमच्या घरी दोन मोबाईल आहेत. एक वडिलांचा, जो दिवसभर शेतावर असतो, आणि दुसरा भावाचा. बारावीपर्यंत मला भावाचा मोबाईल रात्री एक तास मिळत असे आणि त्या तासात तो शेजारीच बसलेला असे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीच्या पैशातून मी स्वतःचा घेतला. त्यामुळे ‘मोबाईल काढून घ्या’ हे वाक्य जेव्हा वडीलधारी मंडळी सहजपणे उच्चारतात, तेव्हा मुलांना ते शिस्तीसारखे ऐकू येत असेल, आम्हा मुलींना ते निराळे ऐकू येते.

माझ्या एका मैत्रिणीचा फोटो कुणीतरी तिच्या प्रोफाइलवरून उचलून बनावट खाते उघडले आणि त्यावरून घाणेरडे निरोप पाठवले. तिने घरी सांगितले नाही, शिक्षकांनाही नाही. कारण तिला पक्के ठाऊक होते की सांगितल्यावर पहिली कारवाई त्या मुलावर होणार नाही, तिच्या मोबाईलवर होईल आणि कदाचित तिच्या कॉलेजवरही. त्या मुलालाही हे ठाऊक होते. त्याचे सगळे धाडस त्यावरच उभे होते. सायबर गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय पोर्टलवर करता येते आणि अठरा वर्षांखालील मुला-मुलींसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे, हे आम्हाला नंतर कळले; परंतु क्रमांक कळूनही ‘घरी समजले तर?’ हा प्रश्न शिल्लक राहतोच. तुमच्या मंडळाने पेटीसोबत एखादी अशी ताई किंवा काकू नेमली, जिच्याकडे मुलगी बोलू शकेल आणि जी आधी मोबाईल मागणार नाही, तर पेटीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. रात्री साडेआठला मला घरून फोन येतो. तो उचलला नाही तर वडील गाडी घेऊन निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून माझी अभ्यासिका बंद होते. कुलूपबंद पेटीत वाजणारा मोबाईल मला ऐकू कसा येणार?

उत्तर ५ : दवाखान्यातून

थोडक्यात लिहितो. मी राजारामपुरी भागात नेत्रचिकित्सा करतो. लहान वयात लागणारा आणि भराभर वाढणारा लांबचा चष्मा आता नेहमीचा झाला आहे. त्याचे कारण केवळ मोबाईल नसून सतत जवळचे पाहणे आणि उजेडात बाहेर न जाणे हे दोन्ही आहे, म्हणून पेटीत मोबाईल ठेवून सहा तास पुस्तकात डोके घालणाऱ्यालाही मी तेवढ्याच तळमळीने सांगेन की, दर वीस मिनिटांनी नजर खिडकीबाहेर लांबवर न्यावी आणि दिवसा तासभर तरी उघड्यावर असावे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. ती ज्यांना मिळत नाही त्यांची एकाग्रता कुठल्याही पेटीने येणार नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या व्यसनाची नोंद आहे हे खरे असले, तरी त्यासाठी ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसूनही खेळ चालू राहणे आणि हे साधारण वर्षभर टिकणे अशा अटी आहेत. सुट्टीत दोन तास खेळणाऱ्या मुलाला पालकांनी ‘व्यसनी’ म्हणू नये.

पुन्हा : पेठेतला कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बैठक काल झाली आणि अपेक्षेपेक्षा दोन तास अधिक चालली. शिक्षिका ताईंचा प्रश्न मी सुरुवातीलाच वाचून दाखवला. तेरा सदस्यांपैकी नऊ जणांनी मोबाईल टेबलाच्या मध्यभागी ठेवले, चौघांनी ‘धंद्याचा फोन येतो’ असे सांगून खिशातच ठेवले. मुलांची अडचण याहून वेगळी नाही, हे तेथेच सगळ्यांच्या लक्षात आले.

ठरले ते असे. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळांत मोबाईल खणात राहतील, इतर वेळी ज्याचा त्याच्याकडे. सराव चाचण्यांसाठी मंडळाच्या कार्यालयातील संगणक वर आणून ठेवायचा. घरच्यांसाठी कार्यालयाचा क्रमांक प्रत्येक पालकाला कळवायचा, म्हणजे साडेआठला आलेला फोन चुकणार नाही. १९३० आणि १०९८ हे दोन्ही क्रमांक भिंतीवर लागले आहेत. मुलींशी बोलण्यासाठी पेठेतील एका निवृत्त परिचारिकेला विचारले असून त्यांनी शनिवारी संध्याकाळी येण्याचे कबूल केले आहे. डॉक्टरसाहेबांची खिडकीची सूचना मात्र अवघड आहे, कारण आमच्या खिडकीसमोर तीन फुटांवर शेजारची भिंत आहे. त्याऐवजी गच्ची उघडून देत आहोत.

पेटीला कुलूप नसावे, हा ठराव सात विरुद्ध सहा मतांनीच मंजूर झाला आणि विरोधातील सहांमध्ये मीही होतो. शिष्यवृत्तीच्या पैशातून घेतलेला मोबाईल उघड्या खणातून गेला तर भरपाई मंडळाने करायची की खबरदारी मुलांनी घ्यायची, हे ठरलेले नाही. कुणाच्या अभ्यासिकेत अशी उघडी पेटी असल्यास तेथे काय व्यवस्था केली आहे, ते कृपया कळवावे. सुतार गुरुवारी माप घ्यायला येणार आहे.