बांगलादेशाला मान्यता : निर्णय संसदेचा की सरकारचा?

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या अभ्यासिकेत काल यावरून बराच वाद रंगला. इंदिरा गांधींनी ६ डिसेंबर १९७१ रोजी संसदेत बांगलादेशाला मान्यता दिल्याची घोषणा केली. त्यासाठी सभागृहाचे मतदान घटनेनुसार आवश्यक होते का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : नव्हते. नव्या राष्ट्राला मान्यता देणे हा आपल्याकडे कार्यकारी अधिकार आहे. परराष्ट्र व्यवहार संघसूचीत (केंद्राच्या अखत्यारीतील विषयांच्या घटनेतील यादीत) येतात आणि घटनेच्या अनुच्छेद ७३ नुसार संसदेला ज्या विषयांवर कायदा करता येतो, तिथपर्यंत केंद्र सरकारचा अधिकार पोहोचतो.

उत्तर : सरांचे म्हणणे रास्त आहे, तरी संसद निव्वळ श्रोता नव्हती. ३१ मार्च १९७१ रोजीच तिने पूर्व बंगालच्या (म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या) जनतेला पाठिंबा देणारा ठराव संमत केला होता. सरकारने मात्र मान्यता रोखून धरली आणि ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ले केल्यावरच ती दिली. माझ्या मते हा संयम मुत्सद्देगिरीचा होता.

उत्तर : पाकिस्तानचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तेथील नॅशनल असेंब्लीने (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) जुलै १९७३ मध्ये सरकारला मान्यतेची मुभा देणारा ठराव केला, परंतु पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनी प्रत्यक्ष मान्यता २२ फेब्रुवारी १९७४ रोजी, लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या तोंडावर दिली.